दोन डॉक्टरांची म्हातारी

झुंबरबाईंचे दोन्ही मुलगे कोल्हापुरातच राहत, पण बापाच्या दहाव्याला भांडले ते पुन्हा बोलले नाहीत. थोरला विजयसिंह कसबा बावड्यात, धाकटा उदयसिंह फुलेवाडीत. म्हातारी चार महिने इकडे, चार महिने तिकडे.

थोरल्याच्या डॉक्टरांनी तिला साखरेची आणि ब्लडप्रेशरची गोळी लावली. बजावलं, "आजी, एक दिवसही चुकवायची नाही." तिने ते मनावर घेतलं. तिथली पाळी संपून फुलेवाडीला आली तेव्हा पुढच्या चार महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांचा कागद पिशवीत होता. उदयसिंहाने कागद तिच्या हातात परत कोंबला.

"दादाच्या डॉक्टरचं कागद माझ्या दारात नकोत. आपला डॉक्टर हाय की."

फुलेवाडीच्या डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "आधीची काही औषधं?" झुंबरबाई तोंड उघडणार, तोवर उदयसिंह म्हणाला, "कसली औषधं? तिकडं कोण बघतंय हिच्याकडं!"

साखर आणि ब्लडप्रेशर थोडं चढलेलं होतंच. नव्या गोळ्या आल्या. नाव वेगळं, रंग वेगळा.

"उदय, ह्या अन् जुन्या, दोन्ही घ्यायच्या न्हवं?"

"दिल्यात त्या घे की गं. किती डोकं खातीस!" फोनवरून मान न उचलता तो म्हणाला.

तिने दोन्ही घेतल्या. चुकवायची नाही, म्हणून सांगितलं होतं ना.

पंधरा दिवसांत तिला दरदरून घाम सुटायला लागला. हात कापायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. सून वर्षाराणी म्हणाली, "वय झालं आत्ती, आता असंच व्हायचं." फुलेवाडीची पाळी संपत आली होती तेव्हा एका सकाळी गोळ्या घेतल्या, भाकरीला उशीर झाला आणि म्हातारी मोरीच्या उंबऱ्यावर कोसळली. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात औषधांचं बघणाऱ्या तेजस्वीने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या मागवल्या. पिशवी खाटेवर उपडी केली. दोन पाकिटं शेजारी शेजारी धरून तिने बारीक अक्षरं वाचली.

"दोन्हीत औषध एकच आहे. कंपनीचं नाव तेवढं निराळं. ब्लडप्रेशरचंही तसंच. आजी दुप्पट घेत होत्या."

खाटेच्या दोन्ही अंगांना दोघे भाऊ उभे होते.

"तुझ्या डॉक्टरनं इचारलं न्हाई?" थोरला म्हणाला.

"तू कधी फोन करून सांगितलंस काय?"

आवाज चढला तसं नर्सने दोघांना बाहेर घालवलं. आईला दुखतंय का, हे विचारायचं राहूनच गेलं.

तेजस्वीने डॉक्टरांना विचारून एकच यादी केली: कुठली गोळी, कशासाठी, कधी, जेवणाआधी की नंतर, आणि कुठल्या कायमच्या बंद. "कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी ही दाखवायची. कुणाकडे देऊ?"

"माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे," झुंबरबाई म्हणाली. "वाचता येत न्हाई, पर दाखवता येतंय. पोरं मधी बोलली म्हणून मी गप बसले, बाई. त्याचंच हे."

घरी सोडायच्या दिवशी पाळी थोरल्याची होती. त्याचं घर वरच्या मजल्यावर, जिना चढवायचा कसा, असं तो म्हणाला. उदयसिंह म्हणाला, माझे चार महिने झाले. झुंबरबाई चाकाच्या खुर्चीत बसून दोघांचं ऐकत होती. शेवटी तिनेच नर्सला हाक मारली, "मला चंदगडच्या बहिणीकडं पोचवायची सोय हुतीया का, बघ की."