वेइकोचे बूट

वकील न लावता फेडरल कोर्टात उभी राहणारी माणसं म्हणजे डोक्याला ताप. आम्हा कारकुनांना सल्ला द्यायची बंदी, आणि यांना सल्ल्याशिवाय दुसरं काही नको असतं. आयली लाम्पी मात्र काही विचारायचीच नाही. मेलेल्या नवऱ्याचे मोठाले बूट घालून यायची आणि मुकाट बसायची.

तिचा दावा बँकेवर होता. दीर रेइनोच्या बोटीच्या कर्जाला तिचं घर तारण, आणि कागदावर सही नवऱ्याची, वेइकोची. सही मार्चमधली, आणि वेइको जानेवारीतच गेलेला. आमच्या डुलुथ गावात थंडीत जमीन दगडासारखी गोठते, खणता येत नाही, प्रेतं वसंतापर्यंत दफनभूमीच्या कोठडीत ठेवतात. म्हणजे सही झाली तेव्हा वेइको तिथं शवपेटीत होता. रेइनो बोटीसकट पसार झाला आणि बँक घरावर टपून बसली. दावा सरळ होता हो. मलाही मनातून वाटायचं, जिंकू दे बाईला एकदाची.

बँकेनं नोटरी उभा केला, लुंड नावाचा म्हातारा. शपथ मीच दिली. वेइको स्वतः आला होता, लायसन्सवरचा फोटो ताडून मगच शिक्का मारला, असं तो सांगत राहिला. खोटारडा मेला, मी मनात म्हटलं.

वकील नाही, तेव्हा उलटतपासणी आयलीनंच करायची. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न वकील सहसा विचारत नाहीत. मला ओरडून सांगावंसं वाटलं, मृत्यूचा दाखला पुढे कर आणि बस खाली. पण तोंडाला कुलूप.

"त्याच्या पायात काय होतं?" तिनं विचारलं.

लुंड म्हणाला, "काहीच नव्हतं. बाहेर बर्फ, आणि हा अनवाणी. मी म्हटलं, अहो, पाय गोठतील. तर म्हणाला, भावाला शब्द दिलाय. बूट बायकोकडे आहेत, तिला लागतील."

आयलीनं खाली पायातल्या बुटांकडे पाहिलं.

"पेटी बंद करताना बूट मीच काढून घेतले होते," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नव्हतं. सही त्याचीच आहे. दावा मागे घेते."

म्हणजे लुंड खरं बोलत होता. तरी मला रागच आला तिचा. राहतं घर घालवलं बाईनं.

जाताना तिनं बूट काढून खुर्चीखाली ठेवले आणि मोज्यांवरच निघाली. मी ते उचलून मागे धावले.

"नको गं," ती म्हणाली. "बाहेर पायरीवर ठेव. तो अजून अनवाणीच हिंडत असेल."

मी ठेवले. कुणाला हसायचं ते हसो.