इजिप्तची बाई आणि मुलुंडची भाकरी

"पीठ तीन वेळा चाळलं. आता काय पापण्यांनी चाळू?"

मालन हे पुटपुटली ती परातीशी. पण भिंतीपलीकडे पाट मांडणाऱ्या वनमालाबाईंनी अक्षरन्‌ अक्षर टिपलं. ऐकलेलं मुरवून ठेवण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या मुलुंडात कुणी नव्हतं.

हल्ली घास चावला की त्यांच्या उजव्या कानापुढे 'कट्' असं वाजे. जांभईसुद्धा अर्ध्यावर आवरावी लागे. कारण त्यांच्या लेखी उघड होतं: सुनेच्या भाकरीतली कचकच. रेशनची ज्वारी आणि ती निवडायचा आळस. म्हणून त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, मालननं उद्या माहेरी पेणला जावं, आईकडून धान्य निवडायला शिकावं. शिकली की मधुकर येईल न्यायला. ते कधी, हे सांगितलं नव्हतं. मालनचा नवरा मधुकर यावर "बघू" एवढंच म्हणाला होता.

जबडा दुखायला लागल्यापासून चावायला वेळ लागे, तेव्हा वनमालाबाई पुरुषांबरोबरच जेवायला बसत. आज पहिल्याच घासाला कचकच.

"इतकी वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्लीत. कधी लागली कचकच?"

त्यांच्या यजमानांनी, अण्णांनी, आमटीची वाटी जवळ ओढली. मधुकर पाणी प्यायला. बाईंना हे उत्तर पुरेसं वाटलं.

धाकटा विद्याधर दातांच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. त्यानं खिशातून एक फोटो काढून आईच्या ताटाशेजारी ठेवला.

"जेवताना कवटी दाखवतोस, मेल्या?"

"इजिप्तची बाई आहे, आई. हजारो वर्षांपूर्वीची. सरांनी दिलाय फोटो. हा बघ जबड्याचा सांधा. हाडावर हाड घासून पार गुळगुळीत झालाय. तुझंही इथंच वाजतं ना?"

नको नको म्हणत वनमालाबाईंनी वाकून पाहिलं.

"बिचारी," त्या म्हणाल्या. "तिलाही सून असेल."

"दाढा बघ कशा सपाट झाल्यात. सर म्हणतात, भाकरीतल्या वाळूनं. तिकडे दगडावर दळायचे. वाऱ्यानं आलेली वाळू, वर दगडाची भुकटी, सगळं पोटात."

'दगडाची' म्हणताना त्यानं आईची नजर चुकवून छताकडे पाहिलं. बाईंची नजर त्याच्यावरून मालनकडे गेली. ती भाकरी हातात धरून तशीच उभी होती.

"कुणी पढवलं तुला? हिनं?"

"कुणी नाही गं."

"मग तिकडची मढी बरी माझ्याच ताटाशी आली! हिला गिरणीत जायचंय, सरळ सांगा ना. आईनं स्वतःचं जातं दिलंय मला लग्नात, आजही आपलं पीठ त्याच्यावरच निघतं. त्या पिठावर वाढले मी. त्याला नावं ठेवायची कुणाची छाती नाही, म्हणून मेलेली बाई पुढे केलीत?"

"अगं, वहिनीचा यात काही..."

"राहू द्या, भावजी," मालन म्हणाली. "ट्रंक भरलीय माझी."

तिनं भाकरी टोपलीत ठेवली. वनमालाबाईंनी रागानं घास चावला. कट्. हात आपसूक कानाशी गेला आणि डोळे अण्णांच्या ताटात. अण्णा रोजच्यासारखी भाकरी आमटीत बुडवून, तिचा लगदा करून, न चावता गिळत होते. 'आमच्या ह्यांना भिजवूनच आवडते,' असं त्या शेजारणींना कौतुकानं सांगत आल्या होत्या. आज त्या ताटाचा पहिल्यांदाच त्यांना संशय आला.

"अहो, तुम्ही भाकरी चावत का नाही?"

अण्णांनी बोटं ताटाच्या कडेला पुसली. पुन्हा पुसली.

"मालन कुठंही जायची नाही," ते म्हणाले. "धान्य ती स्वच्छच निवडते. कचकच जात्याची आहे. आपलं लग्न झालं, त्या आठवड्यापासून आहे."