बाकावरचा नकार

वेस्टमिन्स्टरला इंग्लंडच्या पार्लमेंटच्या सभागृहात त्या काळी मत द्यायची रीत अशी, की ठराव ज्यांना मान्य असेल त्यांनी उठून बाहेर जायचं आणि नसेल त्यांनी बाकावर बसून राहायचं. मग दोन्हीकडची डोकी मोजायची. ऐकायला सोपं वाटतं, पण बाकं थोडी आणि माणसं फार. एकदा उठलात की जागा गेलीच म्हणून समजा, परत येईतो तिथे दुसराच कुणीतरी ऐसपैस बसलेला. त्यामुळे कित्येक आळशी सभासद ठराव पटला तरी हलत नसत आणि फुकटचे विरोधात मोजले जात. लहानसहान ठरावांना तेही खपून जाई.

त्या दिवशीचा ठराव मात्र लहानसहान नव्हता. राजाच्या सगळ्यात लाडक्या मंत्र्याचं मुंडकं उडवायचं की नाही, हा प्रश्न होता. अकरा वर्षं राजाने पार्लमेंट बोलावलीच नव्हती. मनाला येईल तसे कर लावले, कुणी कुरकुरलं तर तुरुंगात टाकलं. राजाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून तो सगळा राग या एका माणसाच्या मानेवर येऊन बसला होता. त्याचा गुन्हा जुन्या कायद्यात काही केल्या बसेना, तेव्हा त्याला मारण्यापुरता नवा कायदाच करू, असं ठरलं.

अँब्रोज पिंचबेक हा लिंकनशरच्या पाणथळ मुलखातला जमीनदार, साठीला आलेला, डाव्या खुब्याने अधू. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्याचं म्हणावं असं एकच माणूस जगात होतं, थर्स्टन वेल्बी. दोघांच्या शेताला बांधाला बांध. पार्लमेंट नव्हती त्या सगळ्या वर्षांत अँब्रोजने हिवाळे काढले ते थर्स्टनच्या शेकोटीपाशी. त्यानेच याला निवडून आणलं, लंडनला एकाच घरात दोघांनी खोल्या घेतल्या. सभागृहात थर्स्टन उठला की अँब्रोज उठे, तो बसला की हा बसे. याला कुणी लाचारी म्हणेल. म्हणोत बापडे. रिकाम्या घरात राहणाऱ्याला कुणाच्या तरी मागून चालायला बरं वाटतं.

त्या सकाळी थर्स्टनने त्याला भिंतीकडच्या बाकावर बसवलं आणि बजावलं, काही झालं तरी आपली दोघांची जागा सोडू नकोस, काल दिवसभर उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडलेत. एवढं सांगून तो पुढे पुढाऱ्यांशी कुजबुजायला गेला. दुपारपर्यंत भाषणं चालली आणि मग अचानक प्रश्न मताला टाकला. सगळं सभागृह दाराकडे लोटलं. थर्स्टन पुढेच होता, तो पहिल्या लोंढ्याबरोबर बाहेर गेला.

अँब्रोज अर्धा उठला. खुब्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने विचार केला, ठराव तर पास होतोच आहे, माझ्या एकट्याने काय अडणार? आणि ही जागा गेली तर थर्स्टन कावेल. बसला झालं खाली! एवढ्या मोठ्या प्रसंगी एवढा गाढवपणा, जागेपायी मत घालवायची सवय असलेल्या त्या सभागृहातच होऊ शकतो.

दार लागल्यावर त्याने मान वर करून पाहिलं. सभागृह ओस पडलं होतं. पाचपन्नास माणसं इथे तिथे विखरून बसली होती. काही राजवाड्यात ऊठबस असलेली, काही वकील. समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या वकिलाने डोळे मिटून घेतले होते आणि त्याचे ओठ हलत होते. हातात काठ्या घेतलेले मोजणारे आले, एकेका डोक्याकडे काठी रोखत गेले आणि अँब्रोजलाही मोजून पुढे सरकले.

बाहेरचे आत आले तेव्हा थर्स्टन त्याच्यासमोर येऊन थबकला. शेजारी राखलेल्या जागेकडे त्याने पाहिलंही नाही. तो पलीकडच्या रांगेत जाऊन उभा राहिला. ठराव दणक्यात पास झाला. संध्याकाळी अँब्रोज घरी पोचला तेव्हा थर्स्टनचं सामान हललेलं होतं. घरमालकीण विधवा हॅना कॉब दारातच उभी होती. वेल्बीसाहेब रागात होते, काही बोलले नाहीत, एवढं तिने सांगितलं आणि रात्रीच्या जेवणाचा वाडगा वर त्याच्या खोलीत टेबलावर ठेवून ती खाली गेली. एरवी ती पाऊण तास बडबड करी.

पुढचे दिवस वाईट गेले. पिंचबेक राजाच्या बाजूने बसला, ही बातमी शहरभर झाली. सभागृहाच्या वाटेवर टोळकी त्याच्या नावाने ओरडत. बाकावर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राही, त्या गर्दीतसुद्धा. सगळ्यात जिव्हारी लागलं ते निराळंच. झालरीच्या कॉलरचा एक दरबारी गृहस्थ वाटेत थांबला, कमरेत वाकला आणि तुमच्यासारखे निष्ठावंत आहेत म्हणून राजा उभा आहे असं म्हणाला. अँब्रोजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी बोलायला कोणी नाही, म्हणून माणूस विचार करतो. अँब्रोज त्या मंत्र्यावर चाललेला खटला आठवू लागला. आजारी, वाकलेला मंत्री रोज येऊन एकेका आरोपाला उत्तर देत असे. माणूस मगरूर होता, त्याने लोकांना छळलं होतं, यात शंका नव्हती. पण त्याची उत्तरं ऐकताना आपण दोनदा तीनदा मान डोलावली होती, हे अँब्रोजला आता आठवलं. आणि तरीही थर्स्टन बाहेर जाणार म्हणून आपण बाहेर जाणार होतो. खुब्याने कळ मारली नसती तर गेलोही असतो.

आठवड्याने थर्स्टन आला. दारातूनच म्हणाला, "खरं सांग. का बसलास?"

अँब्रोजने सांगितलं. खुबा, भिंतीकडची जागा, सकाळचं बजावणं, सगळं. थर्स्टन आधी पाहतच राहिला, मग हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईतो हसला, याच्या पाठीत धपाटे घातले, खाली ओरडून हॅनाबाईला बिअर आणायला सांगितली. अँब्रोजलाही हसू आलं. इतक्या दिवसांनी खोलीत माणसाचा आवाज होता. त्याला वाटलं, हे असंच चालू राहावं.

"उद्या उभा राहा आणि हेच सांग," थर्स्टन म्हणाला. "जागा धरून बसलो होतो, चूक झाली, माफी असावी. सभागृह हसेल. एकदा हसलं की प्रकरण मिटलं. मी पुढाऱ्यांशी बोलून ठेवलंय. रात्री जेवायला माझ्याकडे ये."

दुसऱ्या दिवशी अँब्रोज टोपी काढून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा. सभापतींनी नाव पुकारलं, कुजबुज थांबली. तो म्हणाला, मी राजासाठी बसलो नव्हतो, पाय दुखत होता आणि मित्राची जागा धरायची होती. दोन-चार जण खुसखुसले. समोर थर्स्टन आधीच हसत होता, आता माफी माग अशी त्याने मानेने खूण केली. दोन शब्द उरले होते. ते बोलून खाली बसायचं, की रात्री शेकोटी, जेवण, बरोबरीने घरी जाणं, सगळं पहिल्यासारखं.

"पण एका माणसाचा जीव जात होता," अँब्रोज म्हणाला, "आणि मी बाक सांभाळत होतो. याची मला लाज वाटते. त्याच्यावरचा गुन्हा कायद्यात बसत नव्हता. आज पुन्हा विचाराल, तर मी बसूनच राहीन. या वेळी पायासाठी नाही."

मग असा गदारोळ उठला की सभापतींना त्याला खाली बसवावं लागलं. पुढचं त्याला नीट ऐकूच आलं नाही.

सभागृह सुटल्यावर थर्स्टनने त्याला जिन्याच्या तोंडाशी गाठलं. चेहरा पांढरा पडलेला. मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता, तू मला तोंडघशी पाडलंस, असं काहीबाही तो बोलला. मग अनोळखी माणसाकडे पाहावं तसा पाहत राहिला.

"तुलाही काही मत आहे, हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नाही," तो म्हणाला.

"मलाही नव्हतं कळलं," अँब्रोज म्हणाला. "कळलं असतं तर पहिल्यांदा तुलाच सांगितलं असतं. दुसरं कोण होतं मला?"

थर्स्टन क्षणभर घुटमळला. मग एकटाच भराभर उतरून गेला. आजवर त्याच्या खांद्यावर हात ठेवूनच अँब्रोज तो जिना उतरत असे. आज तो भिंतीला धरून उतरला. मागच्यांचा खोळंबा झाला, पण पुढे व्हा म्हणायलासुद्धा कोणी त्याच्याशी बोललं नाही.