दाणाबाजारातली दगडी पायली

'धोकादायक' ठरवलेली दाणाबाजाराची इमारत काही केल्या पडेना. जेसीबी आठवडाभर धडका देत राहिला. सागवानी खांब हलले नाहीत. मग तेच खांब दोर लावून, तान्ह्या लेकरासारखे अलगद उतरवले आणि ताडपत्रीखाली झाकून ट्रकने कुठेसे नेले. कोणासाठी धोकादायक होते ते?

गुणवंतराव रस्त्यापलीकडून बघत होते. जन्मभर ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेला माणूस. नगरपालिकेच्या सभेत ते बोलायला उठले खरे, पण आपलंच चुकत असेल तर, ही शंका आली. 'धन्यवाद' म्हणून खाली बसले. टाळ्या पडल्या.

त्यांना सांगायचं होतं ते बाजाराच्या ओट्यातल्या दगडाबद्दल. त्यात बरोबर एक पायली मावेल असा खळगा कोरलेला होता. जिवतीच्या डोंगरातून आलेल्या माणसाला व्यापाऱ्याच्या मापाचा संशय आला, की ते भरलेलं माप या दगडात ओतायचं. काठावरून हात फिरवायचा तो विकणाऱ्याने. व्यापाऱ्याने हात मागे घेऊन उभं राहायचं. दगडावर सांडलं, की शेटची चोरी उघडी.

आता तिथे काचेचं संकुल आलं. दगड दारात मांडला, सोनेरी रंग फासून, खळग्यात शोभेचं झाड लावून. वर पाटी : 'आपला वारसा. हात लावू नये.'

बाजाराच्या दिवशी गिरजाबाई वाळलेली मोहफुलं घेऊन आली. नव्या दुकानात प्रवीणशेटने मापून घेतली.

"शेट, मी घरून मोजून आणलं. इथी कमी कसं भरते?"

"डोंगर उतरता उतरता सुकलं असन, बाई!" दुकानातले हसले.

"सुकलेलंच आणलं व्हतं. तुमचीच पायली लई खादाड दिसते. चाला, दगडात ओतून पाहू."

"तो दगड आता शोभेचा आहे. पाटी वाच ना!"

पायरीवर उभ्या गुणवंतरावांनी ती पाटी पुन्हा वाचली. आपल्याला काय अधिकार, हा नेहमीचा प्रश्न मनात आलाच. पण त्याआधी ते वाकले होते. त्यांनी झाड मुळासकट उपसलं.

"अहो काका! नगरपालिकेचं झाड आहे ते!" प्रवीणशेट हात पुढे करत ओरडला.

"माप आहे ते!" गुणवंतरावांचा आवाज चिरकला, पण निघाला. "गावाचं माप! लाज नाही वाटली त्याची कुंडी करताना? शेट, हात मागे घ्या!"

त्यांनी ओंजळींनी माती उपसली, खळगा रुमालाने पुसला. रुमालाला सोनेरी रंग लागला.

"ओता, बाई."

"ओततो, भाऊ." गिरजाबाईने दुकानाची भरलेली पायली आणून ओतली. दगड भरला, तरी फुलं येतच राहिली. काठावरून घरंगळत ती प्रवीणशेटच्या बुटांपर्यंत गेली.

"आता सगळं पुन्हा मोजा," गुणवंतराव म्हणाले. "इथेच."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. दुकानासमोर रांगेत बसलेल्या बाया उठल्या आणि आपापली गाठोडी दगडाकडे ओढू लागल्या.