प्रेक्षणीय स्थळ क्रमांक सहा

उदगीरच्या मोंढ्यामागं, धान्यबाजाराच्या भिंतीला लागून एक कडुलिंब होता. दोन हजार सोळा सालच्या चार एप्रिलला, सकाळी साडेदहा वाजता, त्याच्या सावलीत पुढील गोष्टी होत्या: पाण्याचे रांजण तीन, त्यांतला एक तडकलेला आणि म्हणून पिठाचं गाठोडं ठेवायला घेतलेला, बसायचे दगड चार, चूल एक, तवे दोन, उताणे झोपलेले हमाल पाच, कुशीवर झोपलेला एक, कुणाची तरी शेळी एक, आणि भाकरी थापणारी केवळाबाई. सावलीचा व्यास गौरानं पावलांनी मोजला. एकोणीस पावलं भरला. तिनं तो वहीत लिहिला आणि पानाच्या डोक्यावर आकडा टाकला, सहा.

गौराचं खरं नाव गौरम्मा, आजीचं. बारावी लातूरला आणि रसायनशास्त्रातली बी.एस्सी.-एम.एस्सी. नांदेडला करता करता त्यातला म्मा कुठंतरी गळून पडला. आता ती मातीवर संशोधन करायला नॉर्वेतल्या बर्गन नावाच्या गावी निघाली होती, जिथं वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. निघायला एकोणचाळीस दिवस उरले होते. गाव सोडून गेलेल्या माणसाला गावाची आठवण येते तेव्हा प्रत्येक गोष्ट फुगून येते, असं तिनं नांदेडच्या होस्टेलात पाहिलं होतं. तिथं लोह्याच्या एका मुलीनं आपल्या गावच्या साध्या भज्यांना तीन वर्षांत पक्वान्न करून ठेवलं होतं. आपलं तसं होऊ नये म्हणून गौरानं आवडत्या नऊ जागा निवडल्या आणि एकेका जागी जाऊन, तिथं जे आहे तेवढंच लिहायचं ठरवलं.

पण लिहिताना हात ऐकत नाही. किल्ल्याच्या बुरुजावर संध्याकाळी पाचनंतर वारा कुठल्या दिशेनं येतो हे लिहिता लिहिता, तो वारा अंगाला कसा लागतो हेही लिहिलं गेलं. एसटी स्टँडजवळच्या मारोतीच्या चहाच्या टपरीतल्या बाकाचा एक पाय आखूड होता, म्हणून त्यावर सारख्या वजनाची दोन माणसं बसावी लागत. त्यामुळं अनोळखी माणसंही एकमेकांना आधी वजन विचारीत आणि मग नाव. हे तिनं अर्धं पान लिहिलं. सहा नंबरला दोन पानं गेली.

आता त्या साली लातुरात पाण्याला शिपाई उभे करायची पाळी आली होती आणि रेल्वेनं पाणी आणायच्या गोष्टी चालू होत्या. उदगिरात नळ बावीस दिवसांनी यायचा. पण गाव बोलत होतं ते जिल्ह्याबद्दल. उदगीर जिल्हा होणार, अशी हूल उठली होती, आणि गौराचे मामा वीरण्णा यांनी दुष्काळ आणि जिल्हा या दोन्ही गोष्टी एकाच गाठीत बांधल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की, कलेक्टर इथं बसला की त्याला रोज आंघोळ लागणार. त्याच्या बंगल्याला पाइप टाकावाच लागणार. आणि पाइप म्हटला की तो कुठंतरी गळणारच. त्या गळतीवर अख्खा मोंढा भागंल.

मामांचं मोंढ्यात आडत दुकान होतं. त्या साली शेतातून मालच आला नव्हता, म्हणून लिलाव बंद, काटा बंद आणि मामांना वेळच वेळ. ते जिल्हा निर्मिती कृती समितीचे अध्यक्ष झाले. निवृत्त तलाठी व्यंकटराव सचिव झाले, कारण शिक्के त्यांच्याकडं होते. मुंबईहून पाहणी पथक येणार आहे आणि जिल्ह्याच्या गावाला किमान दहा प्रेक्षणीय स्थळं लागतात, असं कुणीतरी कुणाला तरी सांगितलं. पत्र कुणी पाहिलं नव्हतं. समितीनं बसून मोजलं, तर किल्ला धरून एकच स्थळ निघालं.

त्याच आठवड्यात गौराच्या आईनं, महानंदानं, लेकीची वही कौतुकानं भावाच्या हातात दिली. मामांनी ती दुकानात गादीवर बसून वाचली. दोनदा चष्मा पुसला.

"बया," ते व्यंकटरावांना म्हणाले, "आपलं गाव इतकं चांगलं हाय हे मला ठाऊकच न्हवतं."

नऊ स्थळं आयती मिळाली. दहावं म्हणून मामांनी स्वतःचं आडत दुकान सुचवलं, ते एकमतानं मंजूर झालं. पण व्यंकटरावांची आयुष्यभराची सवय अशी की, तक्त्यात बसत नाही ती गोष्ट अस्तित्वात नाही. त्यांनी गुणपत्रक आखलं. स्वच्छता, बसण्याची सोय, पाणी, वैशिष्ट्य आणि अभ्यागताचा अभिप्राय, प्रत्येकी वीस गुण. पस्तीसला पास, जसं मॅट्रिकला. पास होईल त्या जागेचा विकास करायचा. जागांवर जाऊन पाहायला ऊन फार होतं, म्हणून सगळे गुण गौराच्या वहीवरूनच दिले गेले. वहीत माया होती, त्यामुळं कुणी नापास झालं नाही. मारोतीच्या टपरीला एक्क्याऐंशी पडले.

विकास सगळ्या जागांचा एकसारखा झाला, कारण ठेकेदार एकच होता. खाली पेव्हर ब्लॉक, मध्ये गोल कारंजं आणि मागं फ्लेक्स. फ्लेक्सवर हात जोडलेले वीरण्णा मामा आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोतली गौरा, 'परदेशस्थ संशोधकांनी गौरविलेले स्थळ'. कारंज्यात पाणी पथक येईल त्या दिवशी टँकरनं भरायचं होतं. तोवर आतून निळा रंग दिला होता. किल्ला सरकारी असल्यामुळं वाचला, त्याच्या दारात नुसता फ्लेक्स लागला.

गौराला हे कळलं ते स्टँडवर. ती निरोपाचा चहा प्यायला गेली होती. 'प्रेक्षणीय स्थळ क्र. २ : मारोतीचा चहा' असा बोर्ड होता, आणि बोर्डाखाली मारोती नव्हता, चहाही नव्हता. टपरीमुळं कारंजं रस्त्यावरून दिसत नव्हतं, म्हणून टपरी काढली होती. मारोतीला समितीनं ओळखपत्र दिलं होतं. ते गळ्यात घालून तो भर बारा वाजता पेव्हर ब्लॉकवर उभा होता. वहीत काय लिहिलं होतं, असं त्यानं तिला विचारलं. तिनं सांगितल्यावर तो म्हणाला की, चांगलंच लिहिलं होतं की.

तिथून ती थेट मामांच्या दुकानात गेली. क्रमांक सहाचं काम सोमवारी सुरू होणार होतं. लिंबाच्या बुंध्याची जागा कारंज्याच्या बरोब्बर मध्यावर येत होती. केवळाबाईला मारोतीसारखंच ओळखपत्र मिळणार होतं.

केवळाबाई नवऱ्यामागं बावीस वर्षं त्या सावलीत हमालांना भाकरी-पिठलं घालत होती. नांदेडची बस उतरली की गौरा आधी तिच्याकडं जेवायची आणि मग घरी जाऊन भूक नाही म्हणायची. यातलं मामांना काही सांगून उपयोग नव्हता. ती एवढंच म्हणाली की, सहा नंबर खोडा.

"असं कसं?" मामा म्हणाले. "त्याच्यावर तर तू दोन पानं लिवलीस. ब्याऐंशी पडलेत, फस्ट आलीय ती जागा."

मग त्यांनी विषय बदलला आणि नॉर्वेत जिल्हे किती, असं विचारलं. एकोणीस, ती म्हणाली.

"अख्ख्या देशात एकोणीस? आपल्या राज्यातच छत्तीस हाईत. मागासच म्हणायचा की मग." काट्याच्या रिकाम्या पारड्याला त्यांनी बोटानं हलवलं. "आपला जिल्हा झाला आसता ना गौरा, तर हितंच झाली आसती तुझी प्रयोगशाळा. म्हणून करायलोय हे समदं."

हे त्यांनी इतक्या खरेपणानं सांगितलं की तिला भांडता येईना. व्यंकटरावांनी नियम सांगितला. ठराव झालेली जागा खोडता येत नाही. मात्र अभिप्राय देणाऱ्यानं स्वतः अर्ज करून अभिप्राय मागं घेतला, तर प्रत्यक्ष जागेवर फेरतपासणी होऊ शकते. तोवर काम थांबतं.

गौरानं तिथंच बसून अर्ज लिहिला. फेरतपासणी गुरुवारी, बारा मेला ठरली. शुक्रवारी सकाळी तिला गाव सोडायचं होतं.

अडचण अशी झाली की, साहेब लोक येणार ही बातमी केवळाबाईला आधीच लागली. गुरुवारी गौरा पोचली तेव्हा तळ शेणानं सारवलेला होता, चुलीला पांढरी माती फिरवलेली होती, रांगोळी होती आणि हमालांना उठवून ओळीनं बसवलं होतं. त्या ओळीच्या शेवटी मारोती बसला होता. टपरी गेल्यापासून तो दुपारी इथंच जेवायचा. पास झालं की लिंब जाणार, हे तिला सांगायला वेळ मिळालाच नाही, मामा आणि व्यंकटराव मागोमाग आले.

व्यंकटरावांनी तक्ता काढला आणि अर्जदाराला बोलायला सांगितलं.

गौरा खोटं बोलणार नव्हती, ते तिला जमलंही नसतं. तिनं फक्त मोजलेलं सांगितलं. रांजणातल्या पाण्याचा कठीणपणा लिटरला नऊशे साठ मिलिग्रॅम, पिण्याला योग्य मर्यादेच्या बाहेर. दगड चार, पैकी एक डुलतो, दुसरा दुपारी दोननंतर उन्हात येतो. चुलीचा धूर पूर्वेच्या वाऱ्याला जेवणाऱ्याच्या तोंडावर. सर्वांत जवळची उघडी नाली सोळा पावलांवर. हात धुवायची वेगळी सोय नाही. अभिप्राय, मागे घेतला आहे.

ती बोलत होती तोवर केवळाबाईच्या हातातली भाकरी थापायची थांबली.

"पाच वरसं खाल्लीस माय माझ्या हातचं," ती म्हणाली. "तवा न्हाई दिसली व्हय तुला नाली?"

गौरानं वहीत पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. केवळाबाईनं मग तिच्याकडं पाठ केली आणि मामांनाच समजावून सांगायला घेतलं. हे पाणी जड असलं तरी गार असतं. नालीचा वास फक्त पावसाळ्यात येतो, आणि पावसाळा हाय कुठं? डुलत्या दगडावर बसायला तर हमाल भांडतात. मामा माना डोलवू लागले. व्यंकटरावांनी बसण्याच्या सोयीपुढं बारा लिहिले. पाण्यापुढं दहा.

"बगा," मामा म्हणाले, "पास होती का न्हाई. पोरगी आपली बोलली काईबाई, जायच्या गडबडीत."

तेव्हा मारोती उठून केवळाबाईजवळ जाऊन बसला. त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून तिच्या हातात दिलं आणि हळू आवाजात तिला काहीतरी सांगितलं. गौराला त्यातलं टपरीला एक्क्याऐंशी एवढंच ऐकू आलं. केवळाबाईनं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. वर लिंबाकडं पाहिलं. मग गौराकडं पाहिलं. पीठ झटकून ती उभी राहिली.

व्यंकटराव पुढच्या रकान्यावर आले होते. जागेचं वैशिष्ट्य काय, त्यांनी विचारलं.

"माशा हाईत," केवळाबाई म्हणाली.

"आणखी?"

"आणखी माशाच." ती तक्त्यावर वाकली. "त्ये पाण्याला दहा कशाचे द्यायलात तात्या? शेळी तोंड घालती त्यात रोज. ईचारा ह्येंला."

हमालांनी एकमेकांकडं पाहिलं. शेळी तोंड घालती, असं सगळ्यांनी सांगितलं. एक जण म्हणाला की, आपणही कधीकधी घालतो. केवळाबाईनं सारवलेल्या तळावर राख उपडी केली, म्हणाली की असं असतं रोज, आजच तेवढं चुकून झाडलं. डुलत्या दगडावर व्यंकटरावांना तिनं आग्रहानं बसवलं. ते पडले नाहीत, पण तक्ता पडला.

मामांना यातलं काही उमजेना. फस्ट आलेली जागा डोळ्यांदेखत घसरत होती आणि ती वर खेचायला कुणीच तयार नव्हतं.

"व्यंकटराव, भाचीची जागा हाय," ते म्हणाले. "ग्रेस तरी द्या थोडं."

"ग्रेस पस्तिसाच्या जवळ आसंल त्याला आसतंय मालक," व्यंकटराव म्हणाले. त्यांनी खोडलेल्या आकड्यांवर सह्या केल्या, प्रत्येक खाडाखोडीला एक, आणि बेरीज मांडली.

स्वच्छता चार. बसण्याची सोय एक. पाणी शून्य. वैशिष्ट्य शून्य. अभ्यागताचा अभिप्राय शून्य.

एकूण गुण शंभरपैकी पाच.