खेळघरात शिकवतं कोण?

जळगाव जामोदला बाजारामागे आमचं बालसंग्रहालय आहे. आरसे, कप्प्या, तराजू, वाळूचं मोठं टेबल आणि दारावर पाटी: ‘इथल्या प्रत्येक वस्तूला हात लावा.’ ती वाचल्यावर पालक पहिलं काम काय करतात, तर मुलांचे हात घट्ट धरतात. संग्रहालयात हात लावायचा नसतो, एवढं शिक्षण त्यांचं झालेलं असतं.

मी इथली अनुपमाताई. मुलांना काहीही न शिकवणं हे माझं काम, आणि त्याचा मला पगार मिळतो. हे ऐकून पालक माझ्याकडे जरा आदरानंच बघतात. अशी नोकरी लावून देणारा माणूस मोठाच असणार. मग चौकशी सुरू होते. अभ्यासक्रम कोणता, परीक्षा कधी, सर्टिफिकेट मिळेल का. एका माउलीनं तर पोराला आरशासमोरून उठवलं आणि सगळ्या पाट्या वहीत उतरवून घ्यायला लावल्या. घरी गेल्यावर त्या पाठ करून घेणार होती. बिचारा दोन तास इथं होता, पण कप्पीचा एक दोरही त्याला ओढायला मिळाला नाही.

अर्पिता मात्र सलग पाचव्या रविवारी आली होती. पाचवीतली पोर, बोलायला कंजूष, पण वाळूच्या टेबलाशी उभी राहिली की तहानभूक विसरायची. त्या दिवशी तिच्याबरोबर वडील आले. गोपालराव, गावाबाहेर मिरची-वांग्याचं शेत असलेले. आल्या आल्या त्यांनी मला निर्णय सांगून टाकला. पुढच्या रविवारपासून नवोदयच्या परीक्षेची शिकवणी सुरू होत होती. पोरगी इथं काही शिकल्याचं दिसलं तर ती शिकवणी शनिवारी लावू, नाही तर हा तिचा इथला शेवटचा रविवार. माणूस न्यायी होता. परीक्षा घेतल्याशिवाय नापास करणारा नव्हता.

परीक्षा तिथंच सुरू झाली. पाहुण्यांपुढे कविता म्हणायला उभं करतात तसं त्यांनी अर्पिताला माझ्यापुढे उभं केलं आणि काय काय शिकलीस ते सांग म्हणाले. अर्पितानं वाळूचे हात फ्रॉकला पुसले आणि खाली बघितलं. शेवटी मीच मध्ये पडले. म्हटलं, भाऊ, तिला सांगायला लावू नका, ती करते ते बघा.

टेबलावर वाळूचा उतार केलेला आहे. वरून तांब्यानं पाणी सोडायचं आणि वाळू वाहून न जाऊ देता ते खालच्या कोपऱ्यातल्या रोपांपर्यंत पोचवायचं. गोपालराव हसले. शेतात ठिबक येण्याआधी पंधरा वर्षं त्यांनी दांड पाडूनच, म्हणजे मातीत पाट काढूनच, पाणी दिलं होतं. बाह्या सरसावून त्यांनी वाळूत बोटानं सरळ दांड पाडला आणि पाणी सोडलं. दांड फुटला. दुसऱ्यांदा त्यांनी काठ दाबून पक्के केले, तर पाण्यानं रोपंच उपटून नेली. वाळूच खराब आहे, काळ्या मातीत असं होत नसतं, हे त्यांनी मला सुनावलं. रोपं परत खोचून ते तिसऱ्या खेपेला लागले, तेव्हा त्यांची पँट भिजली होती आणि मागं खोळंबलेल्या पोरांना ते ‘थांबा रे’ म्हणत होते. खरं सांगते, तेव्हा मला ते फार आवडले.

अर्पितानं हळूच त्यांचा हात बाजूला केला. तिनं उताराला आडवा, वळणावळणाचा दांड काढला आणि प्रत्येक वळणावर खडे बसवले. पाणी सावकाश फिरत गेलं आणि रोपांच्या बुडाशी जाऊन थांबलं.

गोपालरावांनी वाकून रोपांच्या बुडाशी बोट लावून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, तो मला स्पष्ट दिसला. जिंकलो, असं मला वाटलं.

“कोनं शिकवलं तुले हे?” त्यांनी विचारलं.

“कोनीच नाही, बाबा. करता करता समजलं.”

“या मॅडमनं सांगतलं असीन.”

“नाही. त्या नुसत्या पाह्यत राह्यतात.”

गोपालरावांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि अगदी सभ्यपणे मला म्हणाले, “पोरगी मुळातच हुशार हाये, मॅडम. पन इथं कोनी शिकवतच नाही, तं इथं शिकली कसं म्हनावं? रविवार काऊन वाया घालवाचा?”

मग मी बोलले. शिकवणं वेगळं आणि शिकणं वेगळं, यावर चांगली दहा मिनिटं बोलले. त्यांनी सगळं पटल्यासारखी मान डोलावली आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: ‘स्वच्छता चांगली. पिण्याचे पाणी थंड. शिक्षक नेमावा.’

ते गाडी काढायला गेले. अर्पिता पायरीवर चप्पल घालत रेंगाळली.

“ताई, तुमीनंच शिकवलं म्हनून सांगाले पाह्यजे होतं का मीनं?”

नाही म्हणायला हवं होतं, ते मला कळत होतं. पण तिच्या नखांत अजून वाळू होती आणि पुढच्या रविवारी ती येणार नव्हती.

“हाव,” तिच्याच बोलीत मी हो म्हटलं.

मी तिला शिकवलेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती तिला लगेच समजली. मान हलवून ती बाबांच्या मागं गाडीवर जाऊन बसली.