एकाच्या बदल्यात दोन

ज्या वर्षी मैत्री मंडळानं आपला देवराव गिरणीच्या बास्केटबॉल टीमला देऊन टाकला, त्या वर्षी नंदनवन भागाच्या अलीकडच्या त्या वस्तीत दुसरा विषयच नव्हता. सकाळी धोंडबाच्या पानठेल्यावर बिडी पेटवताना तेच, आणि नळावर भांडण लागलं तरी ते फिरून तिथंच यायचं. एक देवराव दिला आणि बदल्यात घेतलं काय, तर लहानू आणि अनंत. लहानू बरा खेळायचा, पण बुटका. अनंत उंच होता, पण त्याच्या हातातून बॉल ओल्या साबणासारखा सुटायचा.

"बैल देऊन दोन बोकडं आणले गा," नत्थू म्हणायचा. नत्थू सायकलरिक्षा चालवायचा आणि मॅचच्या दिवशी सवारी घेत नसे.

"तुयं काय गेलं त्यात?" धोंडबा पानाला चुना लावता लावता म्हणायचा. "एकाचे दोन भेटले. फायदाच हाय."

"असं काय? मंग तुया ठेल्यावरचा रेडिओ मले दे. मी तुले दोन फुटके कंदील आणून देतो."

"रेडिओ गाते तरी. देवराव गात होता काय?"

"देवराव उडी मारे तं मले गाणं ऐकू ये, धोंडबा. तुले नाई समजणार. तू बोर्डाकडं पाठ करून पान लावते."

लोक हसायचे, पण हसण्यात राग होता. गिरणीच्या टीमला सिमेंटचं मैदान होतं, कॅनव्हासचे बूट होते. वस्तीकडं मुरमाचं मैदान आणि अनवाणी पोरं. मिशनच्या शाळेतल्या एका मास्तरांनी बदली होऊन जाताना दोन खांब वस्तीला देऊन टाकले होते; लोहारानं त्यांना लोखंडी कड्या बसवल्या, आणि तेव्हापासून या वस्तीत बास्केटबॉल होता. संध्याकाळी पोरं मैदानावर पाणी शिंपायची आणि बाया मांडीवर सूप घेऊन, तांदूळ निवडत खेळ पाहायच्या. जाळी नसल्यामुळं बॉल कडीतून गेला की नाही यावर रोज वाद व्हायचा. गिरणीला वस्तीनं हरवलं होतं ते एकाच्याच जोरावर, आणि त्यालाच आता त्यांच्या हवाली केलं होतं.

हे सगळं देवरावची आई, अंजनाबाई, येता-जाता ऐकायची. तिचं काम मालिशचं. बाळंतिणी, तान्ही लेकरं, पाठ धरलेले हमाल आणि मॅच झाल्यावर मंडळाची पोरं, सगळे तिच्याच हाताखालून जायचे. तेलाची वाटी पदराखाली धरून ती ठेल्यावरून जाऊ लागली की नत्थू हटकायचा, "अंजनाबाई, पोरगं पार फुकटात दिलं हो आपल्या मंडळाच्या बापूजीनं."

"पोट्टं कामाले लागलं, नत्थू. माह्यासाठी तेवढं लय झालं," ती म्हणायची आणि पाय उचलायची.

तिचा नवरा उभा जन्म गिरणीत बदली कामगार होता. पहाटे फाटकाशी जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर नाव पुकारलं जायचं, नाही तर डबा तसाच घेऊन परत. तो मेला तेव्हाही बदलीच होता. परमनंट हा शब्द त्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जायचा, देव सोडून दिल्यावरसुद्धा. आणि गिरणीच्या मॅनेजरनं सांगितलं होतं की देवराव आमच्याकडून वर्षभर खेळला की परमनंट. मात्र खेळाडूंच्या जागा मोजक्या. एकाला परमनंट करायचं तर दोघांची जागा लागेल, म्हणून लहानू आणि अनंतला टीममधून आणि कामावरूनही मोकळं केलं. ठेल्यावर कोणाच्या बोलण्यात ही गोष्ट कधी आली नाही. तिथं फक्त कोण किती बास्केट करतो याचा वाद होता.

अंजनाबाईला दुसरीही एक गोष्ट माहीत होती. देवरावचा डावा गुडघा गेला होता.

दिवाळीनंतर कधीतरी तिच्या हाताला ते लागलं. गुडघ्याच्या वाटीखाली, आतल्या बाजूनं, अंगठा दाबला की काहीतरी सरकायचं, चिखलात पाय पडल्यावर खडा सरकावा तसं. बाहेरून सूज नाही, काही नाही. पण उडी मारून खाली येताना तो उजव्या पायावर येऊ लागला होता, हे तिनं सूप बाजूला ठेवून पाहिलं.

"देवा, हा गुडघा खेळाचा नाई राह्यला," ती म्हणाली होती.

"एवढं साल निघू दे वं माय. परमनंट झालो का बॉलले हात लावणार नाई."

"अन् मधातच गेला तं?"

"तुया हातात हाय ना तो. तू सांभाळ." तो हसला होता, आणि तिनं तेल गरम करायला ठेवलं होतं.

मंडळाची एक रीत होती. अध्यक्ष बापूजींनी कोणा भंतेजींकडून ऐकलं होतं की जुन्या काळी संघात कुठलीही गोष्ट ठरवायची तर ती तीनदा विचारली जायची. ज्याला मान्य असेल त्यानं गप्प राहायचं, ज्याला नसेल त्यानं बोलायचं. बापूजींना हे इतकं आवडलं की जयंतीच्या वर्गणीपासून कॅप्टन कोण इथपर्यंत सगळं ते विहारात तीनदा विचारत. देवरावचा सौदाही तसाच विहारात ठरला. गिरणीचा मॅनेजर बूट काढून चटईवर बसला होता. तो म्हणाला, "आणखी एक विचारा. पोराला काही दुखणंखुपणं आहे का? असेल तर आत्ताच सांगा."

बापूजींनी विचारलं, "देवराव गिरणीकडून खेळन, लहानू अन् अनंत आपल्याकडून. देवरावच्या अंगात काही दुखणं असन तं ज्याले माहीत हाय त्यानं बोलावं."

कोणाचं तरी लेकरू रडलं, आईनं त्याला पदराखाली घेतलं. बापूजींनी दुसऱ्यांदा विचारलं. नत्थू त्या वेळी सवारी घेऊन सक्करदऱ्याला गेला होता. मी असतो तर बोललो असतो, हे तो पुढं कितीतरी दिवस सांगत राहिला.

तिसऱ्यांदा विचारताना बापूजींनी अंजनाबाईकडं पाहिलं. मॅनेजरनंही पाहिलं. मंडळातल्या प्रत्येक पोराचं हाड न् हाड कोणाच्या हाताला ठाऊक आहे, हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं. अंजनाबाई समोरच्या मेणबत्तीकडं पाहत बसली. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं तिनं स्वतःला समजावलं. पण त्या विहारात गप्प राहणं म्हणजे होकार होता, हेही तिला समजत होतं.

"मंजूर," बापूजी म्हणाले.

अनंत थोड्याच दिवसांत कंटाळून आपल्या गावी, कन्हानला, खाणीत काम बघायला निघून गेला. लहानू राहिला, कारण त्याची बायको प्रेमिला हिचे दिवस भरत आले होते आणि तिला हलवता येत नव्हतं. दिवसा तो लाकडाच्या टालावर ओंडके उचलायचा आणि संध्याकाळी मंडळाकडून खेळायचा. ओंडक्यांनी हात सोलून निघालेले, त्यामुळं बॉल नीट धरता येत नसे. ठेल्यावरचे लोक म्हणायचे, "पाहा, हा भेटला आपल्याले."

प्रेमिला सावनेरकडची. इथं तिचं कोणी नव्हतं. तिला कळा सुटल्या तेव्हा लहानू अंजनाबाईलाच बोलवायला आला. मुलगी झाली. लहान चणीची, पण आवाज ठणठणीत. सव्वा महिना मालिश करते, अंजनाबाई म्हणाली, आणि काही घ्यायला तयार झाली नाही. प्रेमिलाला त्याचं नवल वाटलं, पण तिनं विचारलं नाही.

मग जयंतीचे सामने आले. एप्रिलचं ऊन उतरल्यावर मैदानावर पाणी मारलं, तरी मुरमाची वाफ तोंडावर येत होती. देवराव निळी बनियन आणि पांढरे बूट घालून समोरून आला, तेव्हा वस्तीनं त्याला शिव्याही दिल्या आणि टाळ्याही. नत्थू तर दोन्ही एकाच वेळी करत होता. देवरावला अडवायला लहानूच होता.

अंजनाबाईच्या लक्षात आलं, लहानू त्याला अंग लावत नव्हता. धक्का मारायची जागा आली की तो बाजूला सरायचा.

"अबे, पाहुणा हाय काय तो तुया?" नत्थू ओरडला. "घुस ना."

देवराव कडीखाली आला. लहानू एक पाऊल मागं झाला, जागा रिकामी ठेवली. देवराव उडाला, बॉल कडीतून गेला, त्यावर कोणी वाद घातला नाही. तो खाली आला तो डाव्या पायावर. वाळकी काडी पायाखाली यावी तसा आवाज झाला. वस्तीतल्या काहींना वाटलं, सोंग करतो. पहिला त्याच्याजवळ पोचला लहानू, आणि त्यानंच त्याला पाठीवर घेऊन नत्थूच्या रिक्षात टाकलं.

डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण काठी घेऊन. पळण्याचं नाव नाही. गिरणीत वर्ष भरायचं बाकी होतं. देवरावच्या जागी उमरेड रोडकडचा एक उंच पोरगा घेतला. लहानूला कोणी परत बोलावलं नाही.

ठेल्यावरचा वाद मात्र फिरला.

"मानलं बापूजीले," नत्थू सांगू लागला. "गिरणीवाल्याईले लंगडा घोडा विकला. त्याईले वाटलं आपण भोळे."

"तूच तं रडत होता बे, बैल गेला म्हणून," धोंडबा म्हणाला.

"तवा मले काय माहीत, बैलाचा पाय मोडका हाय म्हणून? आपले बोकडं उभे तरी हायत."

"एकच हाय. दुसरं कन्हानले पळालं."

"तरी फायद्यातच."

अंजनाबाई जवळून गेली तेव्हा ते गप्प झाले. ती दहा पावलं पुढं गेल्यावर कोणीतरी हसलं.

ती प्रेमिलाच्या खोलीवर गेली. पाय लांब करून बसली, लेकरू पायांवर आडवं घेतलं आणि तेल चोळू लागली. प्रेमिला चुलीपाशी होती. पाठ तशीच ठेवून ती बोलली.

"लोक म्हणतात बापूजीनं फसवलं गिरणीले."

"लोक काहीबी म्हणतात वं."

"यायले माहीत होतं." ती नवऱ्याबद्दल बोलत होती. "देवरावभाऊचा पाय. हे त्याच्या अंगावर खेळलेले ना. सौद्याच्या आधी यायनं मॅनेजरले सांगतलं होतं, त्याले नका घेऊ, त्याचा गुडघा जाईन. पोट्टा जन्माचा बसन."

अंजनाबाईचे हात चालूच होते. पोटऱ्या, घोटे, तळवे.

"मॅनेजर म्हणे, नोकरी वाचवाले बोलून राहिला तू. तरी विहारात जाऊन विचारतो म्हणे." प्रेमिलानं फुंकणी खाली ठेवली. "परत आला अन् यायले म्हणे, त्याची माय समोर बसून होती. तीनदा विचारलं. तिले माहीत नसन अन् तुले माहीत हाय?"

लेकरानं पाय आखडून घेतले. अंजनाबाईनं दोन्ही गुडघ्यांवर तेलाचा अंगठा फिरवला. मऊ होते, आत काही सरकत नव्हतं.

"लहानू काही म्हणते काय?" लेकराला पालथं करत तिनं विचारलं.

"काय म्हणतीन? म्हणतात, मायच होती ती." प्रेमिला वळली. तिचा चेहरा रागाचा नव्हता, आणि तो रागाचा असता तर अंजनाबाईला बरं वाटलं असतं. "उद्यापासून मी करीन मालिश. शिकली मी पाहून पाहून."

बुद्धपौर्णिमेला विहार भरला. देवराव काठी भिंतीला टेकवून मागं बसला, लहानू त्याच्या शेजारी. बायांत प्रेमिला अंजनाबाईच्या बाजूला आली, कारण जागा तेवढीच होती. बापूजींनी पंचशील सुरू केलं आणि सगळी वस्ती त्यांच्या मागून म्हणू लागली. अंजनाबाईनं पहिलं म्हटलं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं तिचे जोडलेले हात तसेच राहिले आणि ओठ मिटले.

भोवतीचा आवाज इतका मोठा होता की एका बाईचा कमी झालेला कोणाला कळला नाही. फक्त प्रेमिलानं मान थोडी वळवून पाहिलं, आणि मांडीवरच्या लेकराचं टोपडं नीट करून पाचवं म्हणू लागली.